‘चौथी स्टेज’ म्हटले म्हणून धापेची चौकशी थांबवू नका

फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या माणसाला धाप लागली, तर कुणालाच नवल वाटत नाही. घरच्यांना वाटत नाही, भेटायला येणाऱ्यांना वाटत नाही आणि पुष्कळदा दवाखान्यातही वाटत नाही. “फुप्फुसच खराब झालंय, दम लागणारच,” असे कुणीतरी म्हणते आणि चौकशी तिथेच संपते. मग फाईलवर ‘स्टेज फोर’ लिहिलेले असते, कुणीतरी हळूच सांगते की आता घरी न्या, आणि घरचे लोक रडत रडत पेशंटला घरी आणतात.

माझा आक्षेप या घाईला आहे. धाप वाढण्याचे कारण दर वेळी फुप्फुसातच असते असे नाही. काही वेळा ते हृदयाभोवती असते. कर्करोग फुप्फुसातून हृदयाच्या पिशवीपर्यंत पोचलेला असतो, तिथे पाणी साठलेले असते आणि त्या पाण्याखाली हृदय दबलेले असते. असे असेल तर पेशंटचा जीव काही तासांत जाऊ शकतो. पण वेळेवर कळले तर ते पाणी काढता येते आणि त्याच दिवशी माणूस मोकळा श्वास घेऊ शकतो. हे कळण्यासाठी लागते ती एक साधी तपासणी: हृदयाची सोनोग्राफी, म्हणजेच टूडी इको. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशंटची धाप अचानक वाढली, तर घरी नेण्याचा निर्णय होण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे, आणि ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे. पण त्यामागची कारणे नीट समजून घ्यायला हवीत.

हृदयापर्यंत कर्करोग पोचतो कसा?

हृदय दोन फुप्फुसांच्या मध्ये, थोडे डावीकडे कललेले असते. त्याच्याभोवती एक पातळ दुपदरी पिशवी असते. तिला हृदयावरण म्हणतात. डॉक्टर पेरिकार्डियम म्हणतात. या पिशवीच्या दोन पदरांमध्ये नेहमीच थोडेसे पाणी असते, साधारण १५ ते ५० मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन ते दहा छोटे चमचे. हृदय सतत धडधडत असते, तेव्हा पदरावर पदर घासू नये म्हणून हे पाणी वंगणासारखे काम करते.

हृदयातच कर्करोग सुरू होणे फार दुर्मीळ आहे. शरीरात दुसरीकडे सुरू झालेला कर्करोग हृदयाकडे येणे हे त्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक घडते, आणि अशा कर्करोगांत फुप्फुसाचा कर्करोग सर्वांत पुढे आहे. कारण उघड आहे. फुप्फुस आणि हृदय शेजारी आहेत. गाठ वाढत वाढत सरळ पिशवीला भिडू शकते. छातीच्या मधल्या भागातल्या लसिकाग्रंथींमध्ये, ज्यांना आपण बोलीत अवधान म्हणतो त्या गाठींमध्ये, कर्करोग शिरला की पिशवीतले पाणी वाहून नेणारा निचरा तुंबतो आणि पेशी उलट्या दिशेने हृदयाकडे सरकतात. रक्तातूनही पेशी येतात. क्वचित फुप्फुसातून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या शिरांच्या आतून गाठ वाढत वाढत हृदयाच्या डाव्या कप्प्यात जाते.

बहुतेक वेळा त्रास होतो तो पिशवीतल्या पाण्याचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी किती साठले, यापेक्षा ते किती वेगाने साठले याला महत्त्व आहे. हळूहळू साठले तर पिशवी ताणत जाते आणि एक लिटरपर्यंत पाणी होऊनही माणूस हिंडता-फिरता राहू शकतो. पण भराभर साठले, तर २०० मिलिलिटर पाणीही, म्हणजे जेमतेम पेलाभर, हृदयाला आवळून टाकते. हृदयाला रक्त भरून घ्यायला जागाच उरत नाही. भरलेच नाही, तर ते पुढे ढकलणार काय? रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात, शुद्ध हरपू लागते. या अवस्थेला डॉक्टर टॅम्पोनेड म्हणतात. ही तातडीची अवस्था आहे; सकाळपर्यंत वाट बघण्याची नाही.

कोणत्या खुणांवर लक्ष ठेवायचे?

फुप्फुसाच्या कर्करोगाचा पेशंट घरी असेल, तर सेवा करणाऱ्याने पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. आडवे झाले की दम लागतो आणि उठून, पुढे वाकून बसले की थोडे बरे वाटते. काल जिन्याच्या चार पायऱ्या चढणारा माणूस आज संडासापर्यंत चालू शकत नाही. नाडी खूप जलद चालते. मानेच्या शिरा फुगून दिसतात. पाय किंवा चेहरा सुजतो. छातीत जड वाटते, घाम येतो, चक्कर येते, लघवी कमी होते. कधी हृदयाचे ठोके अनियमित होतात. कर्करोग हृदयाच्या स्नायूत शिरला असेल तर ईसीजीमध्ये हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदलही दिसू शकतात.

यातले एकही लक्षण असे नाही की ते दिसले म्हणजे हृदयाभोवती पाणी झालेच आहे. धाप वाढण्याची कारणे अनेक आहेत. फुप्फुसाभोवती पाणी होते, न्यूमोनिया होतो, रक्त कमी होते, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. म्हणूनच तर तपासणी हवी. अंदाजाने चालत नाही. विशेषतः फुप्फुसाभोवतीचे पाणी काढूनही धाप तशीच राहिली, तर हृदयाकडे पाहिलेच पाहिजे. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी पाणी होणे ही नवलाची गोष्ट नाही.

इथे एक धोका सांगतो. पाय सुजले, दम लागला, म्हणून ‘हार्टचा त्रास’ समजून लघवी वाढवणारी गोळी किंवा इंजेक्शन दिले जाते. एरवी हृदय कमजोर झालेल्या पेशंटला त्याने आराम पडतो. पण पिशवीतल्या पाण्याने हृदय आवळले गेले असेल, तर शरीरातले पाणी आणखी कमी करणे उलटू शकते, कारण आधीच न भरणारे हृदय मग अजून कमी भरते. म्हणून कर्करोगाच्या पेशंटला असे औषध सुरू करताना किंवा वाढवताना “डॉक्टर, इको झाला आहे का?” एवढे नम्रपणे विचारा. आधीपासून चालू असलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

इको म्हणजे काय, आणि पाणी काढतात कसे?

टूडी इको म्हणजे छातीवर जेल लावून, हातात धरायचे यंत्र फिरवून पडद्यावर हृदय पाहणे. सुई नाही, दुखणे नाही, किरणोत्सर्ग नाही. गरोदर बाईची सोनोग्राफी होते तशीच ही. पेशंट खाटेवर बसलेला असला तरी करता येते. काही मिनिटांत कळते की पाणी आहे का, किती आहे आणि हृदय दबले आहे का. पेट स्कॅन किंवा एमआरआयच्या तुलनेत खर्चही फार कमी. ज्या पेशंटचे महागडे स्कॅन झालेले असतात, त्याचीही ही साधी तपासणी राहून जाते, याचे वाईट वाटते.

हृदय दबलेले असेल तर छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली किंवा इकोवर दिसेल त्या सोयीच्या जागी, ती जागा बधिर करून, इकोच्या पडद्यावर बघत बघत सुई घालतात आणि पाणी काढतात. बहुधा एक बारीक नळी काही दिवस आत ठेवतात, म्हणजे उरलेले पाणीही निघून जाते. पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल तर पिशवीला छोटी खिडकी पाडण्याची शस्त्रक्रिया करतात. यात धोका अजिबात नाही असे नाही. हृदयाच्या इतक्या जवळ सुई जाते, म्हणून अनुभवी हात हवा आणि इको समोर हवा. पण हृदय आवळलेले असताना काहीच न करणे हा त्याहून मोठा धोका आहे.

आपल्या वस्त्यांमध्ये दोन समजुती खोलवर रुजलेल्या आहेत. पहिली: “सुई लावली की कॅन्सर पसरतो.” दुसरी: “एकदा पाणी काढले की ते पुन्हा पुन्हा काढावे लागते, म्हणून हातच लावू नये.” पहिली समजूत इथे अगदीच निरर्थक आहे. कर्करोग पिशवीपर्यंत पोचला म्हणूनच पाणी झाले. सुई नंतर आली. दुसरीत कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली आहे. पाणी पुन्हा भरते ते आजार तिथे असल्यामुळे, ते काढल्यामुळे नव्हे. भरू नये म्हणून नळी, खिडकी, औषध असे उपाय असतात. या दोन समजुतींपायी किती घरांत सह्या नाकारल्या जातात, हे रुग्णालयात नातेवाइकांसोबत बसणाऱ्या कार्यकर्त्यांना चांगले ठाऊक आहे.

काढलेले पाणी फेकून देऊ नका

काढलेले पाणी प्रयोगशाळेत गेलेच पाहिजे. याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण क्षयरोग. आपल्या देशात हृदयाभोवती पाणी होण्याचे एक मोठे कारण टीबी आहे. त्यामुळे उलटसुलट दोन्ही चुका होतात. फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक्स-रे टीबीसारखा दिसतो आणि बेडक्यात टीबीचे जंतू सापडलेले नसतानाही माणूस महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या खात राहतो. उलट, कर्करोगाच्या पेशंटला टीबी होऊ शकतो. किरणोपचाराने, काही औषधांनी, मूत्रपिंडाच्या आजारानेही पिशवीत पाणी होते. म्हणजे कर्करोगाच्या पेशंटच्या हृदयाभोवतीचे प्रत्येक पाणी कर्करोगाचेच, असे गृहीत धरता येत नाही. पाण्यात कर्करोगाच्या पेशी आहेत की टीबीचे जंतू, हे तपासल्यावरच ठरते आणि पुढचा सगळा उपचार त्यावर अवलंबून असतो.

दुसरे कारण नव्या औषधांचे. फुप्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखू, बिडी, सिगारेट हेच आहे, यात शंका नाही. पण आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बायाही आज या आजाराने खाटेवर आहेत. अशा पेशंटच्या गाठीत इजीएफआर किंवा एएलके नावाच्या जनुकांतला बदल सापडण्याची शक्यता अधिक असते. तो सापडला तर केमोथेरपीऐवजी रोज घ्यायच्या गोळ्यांचा उपचार मिळू शकतो. इजीएफआरवरच्या जेफिटिनिबसारख्या गोळ्या आता जेनेरिक स्वरूपातही मिळतात. आणि ही जनुकीय तपासणी करण्यासाठी गाठीचा तुकडाच हवा असे नाही. पिशवीतून काढलेल्या पाण्यातल्या पेशींवरही ती पुष्कळदा करता येते. म्हणजे जे पाणी जीव घेऊ पाहत होते, त्यातूनच उपचाराची दिशा मिळू शकते. बाटली फेकून दिली, तर ही संधीही गेली.

“आता एवढे करून काय उपयोग?”

हा प्रश्न घरातून येतो आणि तो खोटा नाही. खरे बोलायचे तर पिशवीच्या पाण्यात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तर आजार पसरलेल्या अवस्थेत मोजतात. पाणी काढल्याने कर्करोग बरा होत नाही. अनेकांचे आयुष्य त्यानंतर महिन्यांतच मोजावे लागते. ज्यांना गोळ्यांचा उपचार लागू पडतो, त्यातल्या काहींना बराच जास्त काळ मिळतो. याहून मोठे आश्वासन मी देणार नाही आणि कुणी देत असेल, विशेषतः कुणी काढा-भस्म विकत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

शिवाय ‘हृदयाला लागले’ म्हणजे सगळे सारखेच असेही नाही. गाठ पिशवीला बाहेरून चिकटलेली असणे ही एक गोष्ट आणि पिशवीच्या पाण्यात पेशी पसरलेल्या असणे ही दुसरी. पहिल्या प्रकारात काही पेशंटना शस्त्रक्रिया किंवा बरे करण्याच्या हेतूने दिलेला उपचारही शक्य असतो. स्टेजचा आकडा ऐकून घाबरण्याआधी “नेमके कुठे आणि किती?” हे विचारायला हवे.

आणि उरलेले आयुष्य महिन्यांचे असले तरी ते कसे जायचे, हा प्रश्न उरतोच. रात्रभर उशीला टेकून, तोंड उघडे टाकून हवेसाठी तडफडणे आणि आडवे होऊन चार तास झोप लागणे यांत फार मोठा फरक आहे. बोलता येणे, मुलीच्या हातचे दोन घास खाता येणे, बँकेच्या कागदावर सही करता येणे, कुणाची तरी माफी मागता येणे, या गोष्टी काही किरकोळ नाहीत. माणूस जाणार आहे म्हणून त्याची धाप दुर्लक्षित करायची, हा हिशेब मला मान्य नाही.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. सगळे समजून घेऊन पेशंटने “आता सुई नको, नळी नको” असे ठरवले, तर तो त्याचा हक्क आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. पण ते ठरवायचे तर त्याला काय झाले आहे हे आधी त्याला माहीत हवे. आपल्या घरांत ‘कॅन्सर’ हा शब्द पेशंटपासूनच लपवला जातो. दादांना सांगू नका, आईला धक्का बसेल, असे म्हणत सगळे निर्णय खोलीबाहेर होतात. ज्याचा श्वास कोंडतो आहे, त्यालाच विचारले जात नाही.

उपचार थांबवायचे ठरले तरी सेवा थांबत नाही. वेदना आणि धाप कमी करण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन देता येते. पूर्वी परवान्यांच्या जंजाळामुळे ते मिळणे फार अवघड होते. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांसाठी ही वाट सोपी झाली. ‘मॉर्फिन म्हणजे व्यसन’ या भीतीने पेशंटला तळमळत ठेवू नका. पॅलिएटिव्ह केअर विभाग कुठे आहे, हे रुग्णालयात विचारा.

पैसा आणि पोच

ज्याच्या ओळखीचा डॉक्टर आहे, जो इंग्रजीत दोन प्रश्न विचारू शकतो, त्याच्या पेशंटला इको लिहून मिळतो. जो केस पेपर घेऊन भिंतीला टेकून उभा राहतो, त्याला ‘घरी न्या’ ऐकावे लागते. हा फरक आजाराने केलेला नाही. म्हणून पुढील गोष्टी पाठ असू द्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जा आणि कोणता उपचार योजनेत बसतो ते विचारा. धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात लेखी अर्ज द्या; तोंडी नकारावर परत फिरू नका. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१पासून कर्करोगाच्या उपचारासाठी उभे आहे आणि दूरगावच्या पेशंटना राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. पण धाप अचानक वाढली असेल तर मुंबई गाठण्याच्या नादात वेळ घालवू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा, पेशंटला बळजबरीने आडवे करू नका, त्याला बरे वाटेल तसे बसवून न्या, आणि जिथे इको व हृदयरोगतज्ज्ञ आहेत अशा जवळच्या मोठ्या रुग्णालयात, शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोचा. जुनी फाईल सोबत असू द्या.

शासनाकडे आपल्या दोन मागण्या असायला हव्यात. एक, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रात्रीसुद्धा इको करणारे प्रशिक्षित माणूस हवे. कुलपात ठेवलेले यंत्र कामाचे नाही. दोन, कर्करोगाच्या पेशंटला घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर धोक्याची लक्षणे सोप्या मराठीत छापलेली हवीत. याला फार पैसा लागत नाही.

आणि आपल्याकडूनही एक काम व्हावे. विहारात आरोग्य शिबिरे होतात, तिथे रक्तदाब आणि साखर तपासली जाते. ते चांगलेच आहे. त्यासोबत प्रत्येक वस्तीत दोन-तीन तरुण आणि महिला मंडळातल्या दोन-तीन ताई अशा तयार कराव्यात, की ज्या पेशंटबरोबर रुग्णालयात जातील, फाईल नीट लावतील, आरोग्यमित्राला गाठतील आणि डॉक्टरांना शांतपणे तीन प्रश्न विचारतील: धाप कशामुळे वाढली? हृदयाचा इको झाला का? पाणी काढले असेल तर ते तपासायला पाठवले का?

हे तीन प्रश्न कागदावर लिहून घ्या. वस्तीत ज्या घरी फुप्फुसाच्या कर्करोगाचा पेशंट आहे, त्या घरी तो कागद आजच नेऊन द्या.